साखर-मिठाचं पाणी

आमच्या वस्तीत हापसा बसला त्या दिवशी माय रडली होती. गावच्या विहिरीवर कुणी वरून पाणी ओतण्याची वाट बघत उभं राहणं सुटलं. दुष्काळ सरून चार-पाच वर्षं झाली होती. माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची आणि मी शाळा बुडवून तान्ह्या भावाला सांभाळायची.

त्याला हगवण लागली. आमच्यात अशा लेकराचं पाणी तोडत. जेवढं पाजावं तेवढं खालून जातं, असं सगळ्या म्हणायच्या.

“कितीबी रडला तरी थेंब देऊ नको,” माय बजावून गेली.

दुपारी नर्सबाई आल्या. त्यांनी भावाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. “अंगातलं पाणी आटलंय याच्या,” बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःजवळची साखर आणि चिमूटभर मीठ घालून ग्लासभर पाणी केलं. “चमच्या-चमच्यानं पाजत राहा. मी पलीकडून जाऊन येते.”

मी चमचा त्याच्या ओठाला लावला. तो असा तुटून पडला की मी भ्याले, हात मागं घेतला. पाजलं तर हा मरेल, न्हाई पाजलं तर बाई ओरडतील. ग्लास रिकामा दिसावा म्हणून मी ते पाणी पिऊन टाकलं. ओतूनही देता आलं असतं. पण ते गोड होतं.

“पाजलं का सगळं?” बाईंनी परत येऊन विचारलं.

“हो.”

“शाणी गं माझी बाई.”

दिवस मावळायच्या आत तो गेला.

“पोरीनं बराबर पाजलं होतं हो,” बाई मायला म्हणाल्या. त्यांचा आवाज कातर झाला होता.

माय एवढंच बोलली, “मंग तुमच्या पाण्यानंच गेलं माझं लेकरू.”

पुढच्या उन्हाळ्यात शेजारणीच्या पोरीला हगवण लागली. बाई तसाच ग्लास घेऊन आल्या, तर बाया दारात आडव्या.

“तुमची साखर तुमच्या घरी खा, बाई!”

बाई काकुळतीला आल्या. आत ती पोर नुसता आ करत होती, रडायचा आवाजही निघत नव्हता. मला सगळं ओरडून सांगायचं होतं. तेवढ्यात मायनं मला हाताला धरून पुढं ओढलं.

“हिला इचारा. हिनंच पाजलं होतं. सांग गं, पाजलं होतंस का न्हाई?”

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मायसुद्धा.

मी होय म्हणून मान हलवली.

बाई मागं फिरल्या. ग्लास घेऊन गेल्या. शेजारणीनं दार ओढून घेतलं. त्या पोरीचं काय झालं हे वस्तीला ठाऊक आहे. माझ्यामुळं झालं, हे शेजारणीला आजवर कुणी सांगितलेलं नाही.