बारकं इमान

गोदा रहाटेशी वाडीत कुणाचं पटत नव्हतं. माझंही नव्हतं. मी तिच्या शेजारचा शाळामास्तर. माझ्या फणसाची पानं वाऱ्याने तिच्या अंगणात गेली तरी ती माझा उद्धार करायची, आणि तोही मी आमच्यामधल्या दगडी गडग्याअलीकडे जेवायला बसलोय हे पाहून. तिच्या तोंडी लागायचं नाही असा मी कानाला खडा लावला होता. तरीही तिच्याबद्दल लिहितोय, कारण विमानाच्या त्या भानगडीत वाडीत शुद्धीवर होती ती फक्त ही भांडकुदळ बाई.

वाडीच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, विमानतळ झाला तेव्हा तिची नाचणीची वरकस जमीन धावपट्टीखाली गेली. जमीन घ्यायला आलेल्या अधिकाऱ्याने तिच्या पडवीत बसून, तिनेच केलेलं कोकमाचं सरबत पीत शब्द दिला की मुंबईचं मोठं विमान सुरू झालं की तिच्या घरातल्या एकाला विमानतळावर कायमची नोकरी. मोठं विमान म्हणजे सामान चढवायला-उतरवायला माणसं लागणारच, हे तिला पटलं. नवरा वारला होता. एकुलता दत्ताराम मुंबईला गिरणीत. तो म्हातारपणी जवळ असावा म्हणून तिने जमीन सोडली. शिव्या देत सोडली, पण सोडली.

पट्टी तयार झाली. डांबर चकाकत राहिलं, विमान काही येईना. मधल्या काळात गिरणी बंद पडली आणि दत्ताराम बायकोला घेऊन गावी आला, तो या नोकरीच्या भरवशावर. तोवर काय करायचं म्हणून लोकांचे पडलेले गडगे रोजावर रचून देऊ लागला. माणूस गरीब, बोलण्यात मऊ. गोदाच्या पोटी असा मुलगा कसा आला हे वाडीला न सुटलेलं कोडं होतं.

मग एक नवी कंपनी आली. स्वस्त तिकिटात विमानात बसवणार म्हणे. आमचे सरपंच भागोजी हे असल्या बातम्यांनी फुगणारे गृहस्थ. त्यांनी शाळेतच सभा लावली आणि कंपनीच्या मुंबईच्या साहेबाला माझ्या खुर्चीवर बसवलं. साहेब म्हणाला, मोठं विमान इथे परवडत नाही, पट्टी अपुरी पडते आणि अर्ध्या जागा रिकाम्या जातील, म्हणून कंपनी छोट्या विमानांचा विचार करते आहे. गणपतीपुळ्याचे भक्त आता आभाळातून उतरणार, असं म्हणून भागोजींनी टाळ्या वाजवल्या. गोदाने मागून विचारलं की सामान कोण उतरवणार. साहेब हसला. विमान इतकं लहान की ज्याची पिशवी त्याने उचलायची, हमाल ठेवायचे नाहीत, म्हणून तर तिकीट स्वस्त, असं त्याने समजावलं.

गोदा उभी राहिली. आमच्याकडे जुनी माणसं विमानाला इमान म्हणतात.

"आदी मोटं इमान व्हतं, आता बारकं झालं," ती म्हणाली. "आनी चार वर्सांनी तुमचं इमान कुटं शोधायचं आमी?"

साहेब लाल झाला. त्याला वाटलं, बाई आपल्या सचोटीवर बोलतेय. ती विमानाबद्दलच बोलत होती असं मला तरी वाटतं, पण गोदाच्या बाबतीत खात्री देता येत नाही. भागोजींनी तिला खाली बसवलं आणि बाई अडाणी आहे म्हणून साहेबाची माफी मागितली. मला त्या माणसाची शिसारी आली.

कंपनीने छोटं विमान नक्की केलं. पण भागोजींना स्वतःची लाज राखायची होती, म्हणून त्यांनी दत्तारामसाठी काहीतरी काढून आणलं. विमान यायच्या वेळी पट्टीवरची गुरं आणि माणसं हाकलायची. काठी, शिट्टी आणि टोपी कंपनीची, मजुरी रोजाची. गोदाने ऐकून घेतलं आणि मुलाला बजावलं की हे घेतलंस तर दिलेला शब्द फिटला असं ते म्हणतील, पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. दत्तारामने टोपी घेतली. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बायकोला दिवस गेले होते, आणि रिकाम्या डब्यावर हट्ट धरून बसायला गोदाची छाती लागते.

पहिलं विमान आलं त्या दिवशी वरून हुकूम होता, शाळेतली मुलं झेंडे घेऊन तारेच्या कुंपणाला लागून उभी करा. उन्हात मुलं करपत होती, भागोजी हार घेऊन सावलीत होते. एवढ्यात गोदा तारेतून आत शिरली आणि पट्टीवर, जिथे तिची नाचणी असायची तिथे, जाऊन बसली. भाट्याच्या खाडीकडून विमानाचा आवाज यायला लागला. साहेब दत्तारामच्या नावाने ओरडला. दत्ताराम धावला. मी मुलांबरोबर तारेशी होतो, मला सगळं ऐकू आलं.

"आये, ऊट गो. इमान येतंय."

"आये म्हनू नको," गोदा म्हणाली. "कंपनीचा मानूस हायस ना? परक्या बाईला उटवशील तसं उटव."

दत्ताराम काठी धरून उभा राहिला. विमान डोक्यावरून घरघरत गेलं आणि परत फिरलं. साहेब आता शिव्यांवर आला होता. दत्तारामने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे न बघता म्हणाला, "बाई, उटा."

गोदा लगेच उठली. लुगड्याची धूळ झटकली आणि तारेबाहेर निघून गेली. विमान उतरलं, माणसं आपापल्या पिशव्या घेऊन उतरली, भागोजींनी पहिल्याच्या गळ्यात हार घातला. मुलांना मी झेंडे खाली घ्यायला सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

त्या संध्याकाळी मला गडग्यापलीकडून गोदाचा आवाज आला. ती दत्तारामला पान वाढत होती. "जेवा," ती म्हणाली. आधी मला वाटलं कुणी पाहुणा आलाय. पाहुणा नव्हता. त्या दिवसापासून ती पोटच्या मुलाला अहो-जाहो करू लागली. ना आवाज चढवायची, ना शिवी द्यायची. जगाला लाखोली वाहणारी बाई मुलाशी सोयऱ्यासारखी अदबीने वागायची. तो रडला, सून पाया पडली, मी कानाचा खडा काढून एकदा बोलून पाहिलं. माझा तेवढा उद्धार झाला.

पुढे कंपनीला छोटं विमानही परवडेना. एका पावसाळ्यात ते बंद झालं आणि परत आलंच नाही. दत्तारामने टोपी, काठी परत केली आणि घरी आला. गोदा पडवीत सुपात तांदूळ पाखडत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "आये, सुटली नोकरी. आता मी कंपनीचा कोन नाय."

गोदाने सूप खाली ठेवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "वर बसा, च्या करतंय."