काडीवरचा नारू

बाळांनो, तुमच्या आजीने भुताखेताला कधी उंबरा ओलांडू दिला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. इंग्रजी शाळेत सायन्स शिकलेली बाई मी. तरी हे लिहिते आहे...

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं. जानेफळला आम्ही पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायचो. लोक त्यात उतरूनच घागरी भरत. त्या पाण्यातून नारू व्हायचा — अंगात वाढणारा, दोऱ्यासारखा लांब जंत. माझ्या थोरल्या बहिणीच्या, गोदाताईच्या घोट्यावर फोड आला. मेहकरच्या डॉक्टरांनी पाय पाण्यात बुडवायला लावला, तसं फोडातून पांढरं टोक डोकावलं. ते काडीला गुंडाळून डॉक्टर म्हणाले, "रोज एक वेढा. ओढायचा नाही. तुटला तर पाय सडेल."

पण मलकापूरचे लोक ताईला बघायला येणार होते, आणि मुलीने त्यांना चालून दाखवायचं असे. आदल्या दिवशी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काडी हातात घेतली.

"आवो, तुटन ना तो!" माय म्हणाली.

"लंगडी पोरगी कोन नेईन? तू ठेवशीन जलमभर?"

नारू तुटला.

दुसऱ्या दिवशी ताई ओठ आवळून सरळ चालली. पसंतीचा निरोप आला तेव्हा तिचा पाय मांडीपर्यंत सुजला होता. त्या तापातून ती उठली नाही.

वाळलेल्या तुकड्यासकट ती काडी मायने कोनाड्यात ठेवली. एका सकाळी म्हणाली, "वेढा वाढला वं बाई."

मला वाटलं, दुःखाने भास होतोय तिला. मी काडी बाटलीत घातली, बुचावर लाख ओतली, बाटली माझ्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. सकाळी लाख शाबूत — आणि वाळक्या वेढ्यांवर एक नवा, ओला, पांढरा वेढा. मग रोज एक. डॉक्टरांनी सांगितला होता तसाच.

शेवटी एक दिवस निमुळतं शेपूट आलं. माय बाटली घेऊन नानांसमोर उभी राहिली.

"घ्या. निंगाला पुरा. आता चालून दाखव म्हना पोरीले."

नाना तिथून उठून गेले.

पुढे मी कितीतरी डॉक्टरांना विचारलं. कुणी हसलं, कुणी विषय बदलला. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. एक मात्र नक्की माहीत आहे — मलकापूरकरांनी मुलासाठी दुसरी मुलगी पाहिली, ती बाटलीतला नारू पुरा निघाल्यावरही बऱ्याच दिवसांनी. घाई त्यांनाही नव्हती.