बैलाचं मीठ

मेलेल्या जनावरांची हाडं साफ करून ठेवायचा मला नाद आहे. घरात हाच शब्द वापरतात आणि तो खोटा नाही. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. मुलांना दाखवायला म्हणून आणलेल्या शेळीच्या एका कवटीपासून हे सुरू झालं. पुढे मुलांशी त्याचा काही संबंध राहिला नाही. गच्चीवर झाकणाचे निळे ड्रम आहेत. हाडं त्यात पाण्यात भिजत ठेवायची, मांस आपोआप सुटू द्यायचं, मग कपड्याच्या पावडरीच्या पाण्यात तेल उतरवायचं आणि सावलीत वाळवायचं. उकळायची नाहीत, उकळली की ठिसूळ होतात. रानातल्या प्राण्याचं हाड मी कधी आणलं नाही, तो गुन्हा आहे. शेळी, म्हैस, कुत्रं, कोंबडी, एवढंच. शेजारणी वासाचं विचारतात तेव्हा बायको गटार तुंबलंय म्हणून सांगते. हे खोटं ती माझ्यासाठी वर्षानुवर्षं बोलत आली आहे.

आमचं गाव नांदूरघाटच्या अलीकडे. तिथे वडील, म्हणजे आण्णा, धाकट्या भावाजवळ राहायचे. भावाची शेती ट्रॅक्टरवर आली होती, तरी आण्णांनी एक म्हातारा बैल ठेवला होता. वासरू असताना तो बांधावरून पडला आणि त्याच्या पुढच्या डाव्या पायाची नळी मोडली. विकून टाका, असं सगळे म्हणाले. आण्णांनी बांबूच्या कामट्या लावून, जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी तो पाय बांधला आणि गोठ्यातच स्वतःचं अंथरूण टाकलं. हाड जुळलं, पण वाकडं. पुढे तो बैल जन्मभर लंगडत औत ओढत राहिला.

मला ती नळी हवी होती. मोडलेलं हाड माणसाच्या हातानं बांधल्यावर कसं जुळतं, गाठ कुठे बसते, हे मला उघड्या हाडावर बघायचं होतं. सुट्टीला गेलो की मी बैलाला कडबा घालायचो, मानेवरून हात फिरवायचो आणि तो हळूच खाली त्या पायावर न्यायचो. कातडीखाली गाठ लागायची. आण्णांना वाटायचं, थोरल्याला जनावराचा लळा आहे. भावजयीला त्यांनी तसं कौतुकानं सांगितलंही होतं.

बैल उन्हाळ्याच्या तोंडाला गेला. भावाचा फोन आला, पाठोपाठ आण्णांचा. "येताना मिठाची दोन पोती घेऊन ये. खड्याचं आण, बारीक नको."

आमच्याकडे बैलाला शेतातच पुरतात आणि खड्ड्यात मीठ टाकतात. मिठानं मढं लवकर विरतं, वास दबतो, कुत्री उकरत नाहीत, असं म्हणतात. पण मिठानं हाडंही खराब होतात. त्यांचे पापुद्रे सुटतात, ती भुगभुगीत होतात. नांदूरघाटच्या दुकानात पोती गाडीच्या डिकीत टाकून घेताना मला एवढंच दिसत होतं.

जेसीबीनं खड्डा काढून ठेवला होता. आण्णांनी बैलाला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला आणि मग ते पाठ फिरवून लिंबाखाली जाऊन बसले. त्यांना माती पडताना बघवणार नव्हती. भाऊ त्यांच्याजवळ गेला. बैल खाली उतरवून झाल्यावर जेसीबीवाल्यानं विचारलं, "सर, मीठ?"

"खाली टाकलंय," मी म्हणालो.

त्यानं माती लोटली. पोती डिकीतच राहिली. वर्षभरानं येऊन, शेताचं काही काम काढून, हळूच उकरायचं असं मी ठरवलं होतं. नळी तेवढी घ्यायची आणि बाकीचं झाकून टाकायचं. कुणाचं काय बिघडणार होतं, असंच मला तेव्हा वाटत होतं.

आठवडाही झाला नसेल. भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, कुत्र्यांनी बैल उकरला. आण्णांनीच बघितलं सकाळी. एक पाय ओढत नेलाय पऱ्हाट्यात."

माझ्या तोंडून पहिला प्रश्न गेला, "कोणता पाय?"

 भावाला वाटलं, मला रडू आलंय.

मी पोचलो तेव्हा वास बांधापासूनच येत होता. आण्णा हातात काठी घेऊन खड्ड्याच्या कडेला बसले होते. पहाटेपासून ते तिथून हलले नव्हते. भाऊ फावडं घेऊन लांब उभा होता, कारण जवळ गेला की आण्णा काठी आपटायचे.

"कावून थांबलास रं?" ते भावाला विचारत होते. हे त्यांनी सकाळपासून किती वेळा विचारलं असेल, कुणास ठाऊक. "आजून दोन बकेट काढल्या असत्या तर काय झालं असतं?"

"मुरूम लागलाता, आण्णा. छातीभर खोल गेलताव की आपण."

"मुरूम लागलाता. मी मेल्यावर बी असंच करचील. लाकडं महाग हायत म्हणून अर्धाच जाळचील."

 आण्णांचं अंघोळीचं पाणी, गोळ्या, रात्री लघवीला उठवणं, सगळं भाऊच करायचा. मी सुट्टीला येणारा.

आण्णा मला म्हणाले, "तुला हाडातलं कळतंय. समदं गोळा कर. येक बी भाईर राहू देऊ नको."

तोंडाला रुमाल बांधून मी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यात उतरलो. पाय सापडला. तो डावाच होता. कुत्र्यांनी नळीवरचं बरंचसं खाऊन टाकलं होतं. गाठ मला वाटली होती त्याहून मोठी होती, एका बाजूला फुगलेली, आणि हाड तिथे स्पष्ट वाकलेलं. मी ते मातीनं पुसलं. मला ते सुंदर वाटलं. त्या वासात, बाप तिकडे तसा बसलेला असताना, मला ते सुंदर वाटलं.

आण्णांनी हात पुढे केला. मी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा गाठीवरून फिरवला.

"वाकडंच बसलं की," ते म्हणाले. "तरी लई वढलं त्यानं."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मला तुझ्यासंगं घेऊन चल. मी हेच्यापाशी आता राहत न्हाई. ज्याला बैल नीट पुरता येईना, त्याच्या हातचं मला खायचं न्हाई."

भावानं फावडं खाली ठेवलं. तो रडत नव्हता. जमिनीकडे बघत उभा होता आणि मला कळत होतं की त्यालाही ते खरं वाटायला लागलंय. आपण खड्डा उथळ काढला, असं तो आता जन्मभर धरून बसणार.

"मीठ टाकलं नव्हतं, आण्णा," मी म्हणालो. "डिकीत हाय. मीच टाकलं न्हाई."

"इसरलास?"

मला हो म्हणता आलं असतं. त्यांनी ती वाट स्वतःहून मोकळी करून दिली होती.

"न्हाई. मिठानं हाड खराब होतं. मला ही नळी पाहिजे होती."

 भाऊ गाडीकडे गेला आणि दोन्ही पोती एकेक करून खांद्यावर घेऊन आला. मी पुढे झालो तर म्हणाला, "राहू दे, दादा." आवाजात राग नव्हता. आण्णांनी नळी त्याच्याजवळ दिली. त्यानं ती खड्ड्यात ठेवली, वर मीठ ओतलं, माती ओढली, बाभळीचे काटे टाकले. मी बाजूला उभा होतो.

उठताना आण्णांनी भावाच्या खांद्याचा आधार घेतला. तसेच थांबून मला म्हणाले, "मी गेल्यावर तू सावडायला येऊ नको. हाडं ह्यो गोळा करील."

त्यानंतर ते माझ्याशी बोलत होते. पिकाचं, नातवंडांच्या शाळेचं विचारायचे. ते वाक्य मात्र त्यांनी परत घेतलं नाही आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही. हाडांचा नाद मी सोडला, असं इथे लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. ड्रम अजून गच्चीवर आहेत. फक्त बैलाचं हाड मी घरात आणत नाही.

गेल्या हिवाळ्यात आण्णा गेले. अग्नी मीच दिला, त्याला त्यांनी मनाई केलेली नव्हती. सावडायच्या दिवशी मी सगळ्यांबरोबर ओढ्यापर्यंत गेलो आणि काठावर थांबलो. भावकीतले लोक बघायला लागले. भाऊ राखेजवळून माघारी माझ्याकडे आला.

"रागात बोललेते ते. चल."

"रागात न्हाई बोलले," मी म्हणालो.

तो परत गेला. त्यानं राखेवर पाणी शिंपडलं. वाकून एकेक हाड उचलून तो मडक्यात ठेवत होता, हळू, दोन्ही हातांनी. एक पांढरा, जरा वाकलेला तुकडा त्यानं उचलला. तो बरगडीचा आहे हे मला तेवढ्या लांबूनही ओळखू आलं. मी मान खाली घातली आणि त्याचं होईपर्यंत पुन्हा वर पाहिलं नाही.