मेणातला तळवा

काकूचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, नेमबाजीच्या रेंजवर होते. मी शिकवते त्या मुलींचा सराव चालू होता म्हणून उचलला नाही. तासाभराने मीच लावला. "काका गेला गे," काकू म्हणाली. तिच्यामागे कुंभकोणमच्या घरातला पंखा ऐकू येत होता... भानावर येऊन मी बोलले ते तमिळमध्ये. घरचं माणूस गेल्यावर घरच्याच माणसाशी तमिळ! या गोष्टीला आता दीड महिना झाला, पण ते तमिळ वाक्य मला अजून सलतंय.

गोविंदकाका माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तिकडे तमिळ मुलखात गेले आणि तिकडचेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हा आमच्याकडचा रिवाज. काका तो चपलांसारखा पाळायचा. पायरी उतरताना तमिळ पायात, पायरी चढताना काढून बाहेर. त्याची मराठी मात्र पूर्वजांनी जिथे सोडली तिथेच थांबलेली. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळीकडे मराठी अशीच बोलतात.

सोळाव्या वर्षी मला नेमबाजीचं वेड लागलं. वडिलांनी कुठूनसं एक जुनं एअर पिस्तूल मिळवलं. पिस्तूल चांगलं, पण त्याची मूठ काचेसारखी गुळगुळीत, आणि माझे तळवे म्हणजे पाझरणारे माठ. त्यात कुंभकोणमचा दमट उकाडा. पाचव्या छऱ्याला पिस्तूल हातात फिरायचं आणि नेम वाऱ्यावर जायचा. हाताच्या मापाची आयती मूठ परदेशातून यायची, ती आमच्या आवाक्यातली नव्हती. मी रडत बसले होते. काकाने माझा तळवा उलटसुलट करून पाहिला. "घाम तुझा, तो राहील, लेंकरू. पिस्तुलासच धरायास शिकवूं."

मग त्याचे प्रयोग सुरू झाले. आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली. ती दहा मिनिटं छान चिकटली, मग घाम आत साचून जास्तच निसरडी झाली. सुतळी गुंडाळली, तिने कातडी सोलली. बॅडमिंटनच्या रॅकेटची पट्टी लावली, तर मूठ इतकी जाड झाली की बोट चापापर्यंत पोचेना. मी वैतागायचे, तो हसायचा. "यंत्र चुकत नाही, आपण चुकतो," म्हणायचा. शेवटी एका रविवारी तो बसने स्वामीमलैला गेला. तिथे एका मूर्तिकाराशी त्याची दोस्ती होती. ओतकामाआधी मूर्ती घडवतात ते काळसर मेण त्याने मागून आणलं, कोमट करून मुठीवर थापलं आणि मला म्हणाला, "धर. नेम धरतेस तशी धर, आणि श्वास सोड." बोटं मेणात रुतली. मेणाचा तो ठसा अलगद उतरवून, समोर ठेवून त्याने लाकडी मूठ कानशीने घासली, जिथे कमी पडली तिथे भुसा आणि डिंकाचा लगदा भरला. वरून पातळ गोंद लावून कावेरीची वाळू जुन्या धोतरातून चाळून शिंपडली. वाळल्यावर मी पिस्तूल उचललं... आणि ते हललं नाही. घाम येत होता, येऊ दे! काका माझ्याहून जास्त खूश झाला होता.

त्याच मुठीच्या जोरावर माझी पुण्याच्या नेमबाजी केंद्रात निवड झाली. तिथे पहिल्याच दिवशी माझी मराठी ऐकून मैत्रिणी हसल्या. मी महिनाभरात पुण्यासारखं बोलायला शिकले आणि त्याचा मला अभिमान वाटला. वर्षभराने मोठी स्पर्धा होती. मुठीची वाळू झिजली असं मी फोनवर सहज बोलून गेले, तर हा माणूस दोन दिवस रेल्वेत बसून थेट रेंजवर हजर. पांढरं धोतर, कपाळावर नाम, हातात चाळलेल्या वाळूचा डबा. आम्ही दहा-बारा मुली पायऱ्यांवर बसलो होतो. "लेंकरू, हात दे पाहूं. घाम येतो का अजून?" मागून कोणीतरी खिदळलं. "अगं, हे कुठल्या शतकातून आले? कोण हे?"

आणि मी म्हणाले, "आमच्याकडचे मिस्त्री आहेत. मूठ दुरुस्त करायला बोलावलंय."

पुण्याच्या स्वच्छ, शुद्ध मराठीत म्हणाले. त्याला प्रत्येक शब्द कळला. मी त्याच्याकडे वळून तमिळमध्ये म्हटलं, इथेच बसा. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मुलींना मान डोलावून म्हणाला, "आमाम्, मिस्त्री." होय, मिस्त्री. मग पायरीवर बसून माझी मूठ नीट केली. जी हसली होती तिनेही आपल्या पिस्तुलाची मूठ पुढे केली, त्याने तीही करून दिली. संध्याकाळच्या गाडीने परत गेला. दुसऱ्या दिवशी मला पदक मिळालं.

त्या दिवसानंतर काका माझ्याशी मराठीत बोलला नाही. मी घरी गेले की "वाम्मा, उट्कार," ये, बस, म्हणायचा, कॉफी पुढे करायचा, प्रेमाने चौकशी करायचा, सगळं तमिळमध्ये. उंबऱ्याच्या आत! मी समजले, राग आहे. माफी मागायची प्रत्येक वेळी ठरवायची आणि प्रत्येक वेळी गाडीची वेळ व्हायची. मी भित्री आहे, दुसरं काय. गेल्या दिवाळीत तो अंथरुणाला खिळला होता. त्याने माझा तळवा चाचपला, तमिळमध्येच पुटपुटला की आता घाम नाही. घाम होता. त्याच्या बोटांना कळला नाही. मी "येतें, काका" म्हटलं, तर "पोइट्टु वाम्मा" म्हणाला, जाऊन ये.

काकाच्या दिवसांना गेले तेव्हा काकूजवळ सगळं ओकले. पुण्याची पायरी, तो मिस्त्री, त्याचा राग. काकू चकित झाली. "राग कसाला? घरीं आला तो म्हणाला, लेंकराला आपलं बोलणं चारचौघांत जड जातें. आतां तमिळच बोलूं, तिला लाज नको." मग ती न्हाणीघरात गेली आणि एक पितळी पातेलं घेऊन आली. पाण्यात ते काळसर मेण होतं, माझ्या बोटांच्या ठशासकट. "उन्हांत मऊ होईल म्हणून पाण्यांत ठेवायचा. रोज पाणी बदलायचा. मूठ पुन्हा झिजली तर लागेल म्हणे."

मूठ नंतर कितीदा तरी झिजली होती. मी दुकानातली पट्टी चिकटवत राहिले, त्याला कळवलं नाही.

पातेलं मी पुण्याला आणलं. आता मी रेंजवर मुलींना शिकवते. गेल्या आठवड्यात एका मुलीने माझं जुनं पिस्तूल हातात घेऊन विचारलं, "मॅडम, ही मूठ कोणी केली?" मी म्हटलं, "माझ्या काकाने." ती "भारी आहे" म्हणाली आणि सरावाला लागली. बस, एवढंच. इतकं सोपं होतं ते...

रोज सकाळी पाणी बदलते. परवा ठशात बोटं घालून पाहिली. चार बसली, अंगठा बसेना. नीट पाहिलं तर तिथे माझ्या ठशावर दुसरा, रुंद अंगठा उमटला होता. रोज पाणी बदलताना काका तिथेच धरत असणार. मीही आता तिथेच धरते.