बद्द वाजणारा कोपरा

लोणावळ्याच्या उतारावर घर बांधायचं म्हणजे तळघर आपसूक पदरात पडतं. पुढच्या अंगाला जोतं चार बोटं, तर मागच्या अंगाला पुरुषभर पोकळी. ती वाया घालवील तो माणूस कसला! पण तिथल्या पावसात ते तळघर कोरडं ठेवणं ही काही गंमत नव्हे. चौतीस-पस्तीस सालच्या सुमाराला त्या कामासाठी लोक एकच नाव घ्यायचे, इंदुरीची बयाबाई.

बयाबाई गवंडी नव्हती. गवंडी तिचा भाचा हौशीराम. ही कोबा ठोकणाऱ्या बायकांची म्होरकी. चुना आणि विटांच्या तुकड्यांचा थर पसरायचा, त्यावर गुळाचं पाणी शिंपडायचं आणि दहा-बारा बायकांनी ओळीनं बसून लाकडी थाप्यांनी आठ-आठ दिवस ठोकायचा. हात काय, सगळ्यांनाच असतात हो. पण कान बयाबाईचे! ठोकता ठोकता एखादी थापी बद्द वाजली की ती हात वर करायची. "हितं खाली वल हाय." मग मालक कितीही मोठा असो, तिथं उकरावंच लागे. खाली पाझर सापडला की हौशीराम दगडांचा चर काढून पाण्याला उताराकडं वाट करून देई, आणि मग पुन्हा कोबा. वीस वर्षांत तिचा शब्द एकदाही खोटा पडला नव्हता.

दिगंबरमास्तरांनी पेन्शनीत घर बांधलं, तेव्हाही तिलाच बोलावलं. तळघर हवं होतं त्यांच्या विधवा बहिणीला, प्रमोदिनीताईंना. त्या पापड-कुरडया करून बंगल्याबंगल्यांतून द्यायच्या आणि भावाच्या घरात मान ताठ ठेवून राहायच्या. वर्षाचा माल ठेवायला त्यांना कोरडी जागा पाहिजे होती, बस्स.

वैशाखात काम निघालं. सहाव्या दिवशी उत्तरेच्या कोपऱ्यात सगळ्या थाप्या एकदम थांबल्या. बायकांनी बयाबाईकडं पाहिलं. बयाबाईनंही त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "थांबलात का गं? बेस हाय. हाणा!" थाप्या पुन्हा सुरू झाल्या.

श्रावणात त्याच कोपऱ्यातून पाणी वर आलं.

मास्तर भडकले. एरवी गोगलगाय माणूस, पण त्या दिवशी हौशीरामला तळघरात उभा करून फैलावर घेतलं. "चुना खाल्लास तू माझा! उद्या बाजारात चारचौघांना सांगतो, मग बघू तुला कोण दारात उभं करतं ते." हौशीराम शपथा घेत होता. त्या वेळी कस्तुराबाई बयाबाईला घेऊन आली. कस्तुराबाई म्हणजे ओळीत कायम तिच्या शेजारी बसणारी.

बयाबाई घोटाभर पाण्यात उतरली. प्रमोदिनीताई एका पेटीवर बसून पापडांवरची बुरशी पदरानं पुसत होत्या. पुसून काय होणार होतं? सगळे डबे गेले होते. तरी त्या पुसतच होत्या. तिनं वाकून कोपऱ्यात तळवा टेकवला. खालून गार पाणी हाताला ढकलत होतं.

तिनं कस्तुराबाईला विचारलं, "त्या दिशी थाप्या का थांबल्या व्हत्या गं?"

कस्तुराबाईनं मान खाली घातली.

"वर बघून बोल. मला तोंड दिसू दे तुजं."

"बद्द वाजत व्हतं, मावशी," कस्तुराबाई रडकुंडीला आली. "लय बद्द. आमा सगळ्यांनी ऐकलं. पर तुमी बेस म्हनलात. तुमच्यापुढं आमी कोन?"

अकरा बायकांनी ऐकलं होतं आणि एकीनंही ब्र काढला नव्हता! राग यावा तर कुणाचा? एवढा दरारा बयाबाईनं स्वतःच कमावला होता. आता गप्प राहिली तर भाचा चोर ठरणार होता, आणि बोलली तर वीस वर्षांची बयाबाई संपणार होती. ती मास्तरांकडं वळली.

"मास्तर, चुना पुरा हाय. माजे कान गेल्यात. दोन वर्सं झाली. तोंडं बघून काम रेटत व्हते, त्या दिशी चुकले."

हौशीराम बघतच राहिला. "आत्या, मला बी न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर बसू दिलं असतंस का रं थाप्यांवर?"

मास्तरांनी हौशीरामच्या खांद्यावर हात ठेवला. प्रमोदिनीताई उठल्या, बयाबाईचा ओला हात आपल्या हातात घेतला आणि तिला वर नेऊन चहा दिला.

दिवाळीनंतर कोपरा उकरला, चर काढला, नवा थर पसरला. बयाबाईच्या जागेवर कस्तुराबाई बसली. बयाबाईही आली होती, कारण घरी जीव थाऱ्यावर राहत नव्हता. पण या खेपेला ती भिंतीकडं तोंड करून बसली.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्याच्या हातभर अलीकडं थाप्या थांबल्या. कस्तुराबाईनं सवयीनं मान वळवली, तर समोर नुसती पाठ. तिनं पुन्हा एकदा थापी हाणली, ऐकलं, पुन्हा हाणली. मग तिनं आपलाच हात वर केला.

ठोकणं थांबलेलं बयाबाईला बसल्या जमिनीतून कळलं. ओठ घट्ट मिटून ती भिंतीकडंच बघत राहिली, आणि मागं हौशीराम कुदळ आणायला धावला.