तारखेला भिणारे भावजी

तारखेला इतकं भिणारा माणूस आमच्या मुरूम गावात दुसरा नसेल. आमचे धाकटे भावजी घरी बसून कंप्युटरचे प्रोग्रॅम लिहितात. विंचू दिसला तर चपलेनं बाजूला सारतील, पण तारीख दिसली की चष्मा पुसतात. लोणच्याच्या बरणीवर मी आकडे लिहिले की ते शेजारी महिन्याचं नाव अक्षरांत लिहून ठेवतात. लग्नपत्रिका आली की आधी तारीख-वार कॅलेंडरशी जुळवतात, मग नवरानवरीची नावं वाचतात. उमरग्याच्या एका दवाखान्याचं काम घेतलं तेव्हा तीन दिवस जेवणात लक्ष नव्हतं, कारण यादीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म एक जूनचा निघत होता. "वहिनी, प्रोग्रॅम बिघडला," म्हणाले. सासूबाईंनी आतूनच सांगितलं, "आरं, तुझ्या बापाचा बी एक जूनच हाय. गुरुजींनी सगळ्या वर्गाला तीच तारीख लिवून दिली." त्या दिवशी भावजी दोन भाकरी जास्त जेवले.

त्या दवाखान्यात नर्सबाई पुढच्या तपासणीची तारीख कंप्युटरवर लिहीत आणि भावजींचा प्रोग्रॅम पेशंटला मेसेज पाठवी. कुणी तारखेत रेघ घाली, कुणी टिंब, कुणी वर्ष आधी लिही. वैतागून त्यांनी संक्रांतीनंतर सोय केली की तारीख कशीही लिहा, कंप्युटर अंदाजानं ओळखील. कॅलेंडरवरही विश्वास नसणाऱ्या माणसानं कंप्युटरच्या अंदाजावर विश्वास ठेवला.

माझी सुरेखा पहिल्या बाळंतपणाला आली होती. त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासणीला तिच्या कागदावर ५/२ लिहिलं होतं. मोबाइलवर मेसेज आला, दोन मे. मी म्हटलं, पाच फेब्रुवारी पाहिजे ना. सुरेखा म्हणाली, "आई, सगळं ठीक असल तर लांबची तारीख देत्यात. काकानं बनवलंय, चुकल कसं?" माझी शाळा चौथीपर्यंत. सुरेखाला मी पाचलाच नेलं असतं, पण ज्या बायका कागद हरवून नुसत्या मेसेजवर बसल्या असतील त्यांचं काय, हा विचार डोक्यातून जाईना. दोन दिवस मी चहा घेऊन भावजींच्या दारात जायचे आणि कप ठेवून मुकाट्यानं परत यायचे.

तिसऱ्या दिवशी कपाशेजारी कागद ठेवला. "भावजी, हे असं कसं आलंय?"

भावजींनी कागद बघितला आणि चष्मा पुसला. "वहिनी, बारापर्यंतचा दिवस असला की कंप्युटर त्यालाच महिना समजायलाय. तेरावा महिना न्हाय, म्हणून बाराच्या पुढच्या तारखा बरोबर येतात. मी सगळं पंधरा-वीस तारखा घालूनच तपासलं."

मग मी चुकलेल्या तारखांची यादी वाचत गेले आणि ते एकेकीला फोन करत गेले. एक बाई म्हणाली, "शाळेत महिने शिकवले न्हाईत का तुमाला?"

"शिकवले होते, ताई. कंप्युटरला शिकवायचे राहिले."

एकीचाच फोन लागेना. तीही पोटुशी, तिची तपासणी आदल्या दिवशी होती, मेसेज दोन मार्चचा. भावजी मोटारसायकल काढून तिच्या गावाला गेले. मी दुपारभर उंबऱ्याशी बसून होते. दिवेलागणीला आले. "पाय लई सुजले होते. गाडी करून दवाखान्यात नेली. आता बरी हाय." पाणी पिऊन झाल्यावर हळूच म्हणाले, "वहिनी, परवाच बोलला असता तर." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

आता नवीन काही केलं की ते तारखांचा कागद आधी माझ्यापुढं धरतात. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचते. सगळं बरोबर असलं तरी तसं म्हणायला मला वेळ लागतो, आणि तोवर एवढे शिकलेले भावजी माझ्या तोंडाकडं बघत उभे राहतात.