फोनला लावलेलं कुंकू

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये अलकाताईंच्या कॉर्डलेस फोनचे जेवढे लाड होतात, तेवढे त्यांच्या नवऱ्याचेही होत नाहीत! फोन उन्हात नाही, ओट्याजवळ नाही. पुसायचा तोही कोरड्या फडक्याने.

कारणही तसंच आहे. मिरजेच्या कुमुदिनीताईंना दिसत नाही आणि त्यांच्या बोटांना पाठ आहे तो एवढा एकच नंबर. आई गेल्यावर याच थोरल्या बहिणीने अलकाला वाढवलं. अलकाला दिल्लीची नोकरी लागली तेव्हा ताईचे डोळे अधू व्हायला लागले होते, तरी "जा तू, माझं मी बघते" म्हणून तिला गाडीत बसवलं. ते उपकार अलकाताई विसरलेल्या नाहीत. रोज दिवेलागणीला ताईचा फोन येतो, आणि त्याआधी त्या घरी पोचतातच.

मग खंडेनवमीला पूजा फोनची नाही करायची तर कशाची? यंदा मात्र बाईंचा हात जरा सैलच सुटला. ओलं हळदकुंकू, वर फुलाने पाणीसुद्धा शिंपडलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी फोन वाजलाच नाही. पाहतात तो हँडसेट बंद! घाईघाईने मोबाइलवरून मिरजेला लावला, तर तिकडे सारखा एंगेज. ताई बिचारी इकडचाच नंबर फिरवत बसली असणार. कुणी उचलत नाही म्हटल्यावर तिच्या मनात काय काय आलं असेल!

"मम्मा, नवीन घे ना यार," लेक मैत्रेयी म्हणाली.

"आत्ता? ताई तिकडे रडत असेल गं!"

तिचे बाबा पद्माकरराव टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून घेऊन आले.

"अहो, ते नका घालू! ते चार्जिंगचे नाहीत. तापून फुटले म्हणजे?"

अलकाताईंनी आधी अडॅप्टर प्लगमधून काढला, हँडसेटचे सेल बाहेर ठेवले आणि चष्मा लावून पाहिलं. चार्जिंगच्या पत्र्यांवर कुंकवाचा थर वाळून बसला होता. कर्म माझं! कोरड्या कापसाने तो काढला, मैत्रेयीच्या खोडरबराने पत्रे हलकेच घासले, सेल परत घातले, प्लग लावला. लाल दिवा लागला. तिघंही त्याच्याकडे बघत बसले.

आणि फोन वाजला.

"अलके! बरी आहेस ना गं?" ताईचा आवाज कापत होता.

अलकाताईंनी सगळा पराक्रम सांगितला. ताई आधी रडली, मग खदखदून हसली.

"अगं, पूजा मीही केली माझ्या फोनची. पण कुंकू कुठे लागेल ते दिसत नाही ना, म्हणून नुसतं डोकं टेकवलं. तुझा आवाज येतो गं त्यातून."

अलकाताईंनी हातातल्या फोनवर डोकं टेकवलं.

"हॅलो? अलके? परत बंद पडला का गं?" ताई विचारत राहिली.